शेजाऱ्यानं बोलायचं

पितांबर पाटलाला त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं. फार नाही हो, एकच. आणि ते काही नवीन पाठ करायचं नव्हतं. सोळा वर्षं दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो ते बोलत आला होता, आणि मग वर आमरस-पुरणपोळीही चापत आला होता. पण ज्या दिवशी त्या वाक्याचं मोल होतं, नेमक्या त्या दिवशी गडी मूग गिळून बसला. बसला असता तरी परवडलं असतं. तो बोलला, आणि भलतंच बोलला.

नंदुरबारकडच्या रनाळ्याहून दीड कोसावर, नाल्याच्या वळणावर त्यांचं गाव. नाव सांगण्याइतकं मोठं नाही. गावाबाहेर नाल्याकाठी कौसाबाईची तीन एकर जागा होती, आणि तिला लागूनच पितांबरचं कुरण. मध्ये बांध. कौसाबाई पन्नाशीची बाई, नवरा नवल जाऊन सोळा वर्षं झालेली, एकुलती लेक तिकडे शहाद्याकडे दिलेली. ती आणि तिची झाडं, एवढाच संसार.

झाडं म्हणजे नुसती आमराई समजू नका. आमराईत माणसाला चार महिने काम आणि एक महिना खाणं. इथं तसं नव्हतं. कौसाबाईचा सासरा दोधूबाबा, त्याची दोन पोरं संवत छप्पन्नच्या दुष्काळात गेली. ज्वारीचं वावर होतं, विहीर होती, बैल होते, आणि तरी पोरं भुकेनं गेली. कारण पाऊस नाही तर ज्वारी नाही, आणि ज्वारी नाही तर काहीच नाही. दोधूबाबा वेडापिसा झाला. त्याच सुमाराला सातपुड्यातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यातून एक भिल्लीण पोटासाठी खाली उतरली होती, रूपलीबाई नावाची. डोंगरात ती काय खाऊन जगली ते तिनं दोधूबाबाला सांगितलं. एक पीक नव्हे, पन्नास जिनसा. मोहाची फुलं, चारोळी, कंद, रानभाजी, शेंगा. हे नसलं तर ते. दोधूबाबानं नाल्याकाठची सरकारी पडीत जागा वहितीला मागून घेतली आणि रूपलीबाईला म्हणाला, माय, तुझा डोंगर मला इथं मांडून दे.

तिनं मांडून दिला. पश्चिमेला मोह आणि चिंच, उन्हाळ्यातली झळ अंगावर घ्यायला. त्यांच्या आडोशाला आंबे, जांभूळ, चारोळी. त्यांच्या पायाशी सीताफळ, लिंबू, शेवगा. त्याही खाली सावलीत हळद, आळू, सुरण. खोडांवर कर्टुल्याचे आणि वालपापडीचे वेल. कुंपणाला बोरी. पाला झाडून काढायचा नाही, जिथं पडला तिथं कुजू द्यायचा. प्रत्येक झाडाला आळं, आणि एका आळ्याचं पाणी ओसंडलं की खालच्या आळ्यात. दोधूबाबाचा हिशेब एकच होता: वर्षातला कुठलाही महिना येवो, माणूस टोपली घेऊन आत गेला तर रिकामा बाहेर येता कामा नये. पहिली सतरा-अठरा वर्षं लोक त्याला हसले. मग इन्फ्लुएंझाच्या साली पाऊसही पळाला, तापही आला, आणि सगळं गाव टोपल्या घेऊन त्या कुंपणाशी उभं राहिलं. त्यात पितांबरची बायको सिंधुबाईही होती, नुकती लग्न होऊन आलेली. तिचे ते दोन महिने सुरणाच्या फोडींवर आणि वाळवलेल्या मोहफुलांवर निघाले. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आता रूपलीबाईनं झाडांबरोबर एक रीतही आणली होती डोंगरातून. लावणाऱ्यानं "मी लावलं" असं कधी तोंडातून काढायचं नाही. झाडाला ऐकू जातं म्हणे. ऐकलं की ते म्हणतं, बरं, तूच लावलंस ना, मग तूच जेव तुझं तुझं, आणि वाळतं. नाहीतर बोलणाराच वाळतो. मग झाड कोणाच्या हातचं ते जगाला कळायचं कसं? तर ते शेजाऱ्यानं बोलायचं. अखाजीला, पितरांच्या घागरी पुजण्याआधी, शेजाऱ्याला बोलावून आणायचं. त्यानं एकेका झाडावर हात ठेवायचा आणि नाव घ्यायचं: हा अमक्याच्या हातचा. नवं झाड असलं तर पहिलं फळ धरेपर्यंत लावणाऱ्याचं नाव कोणालाच सांगायचं नाही. फळ धरलं की ज्याला ठाऊक असेल त्यानं त्या अखाजीला बोलायचं. "लावनारनी बोलानं नही, आन् शेजारनी बोल्याबिगर ऱ्हावानं नही," असं रूपलीबाई म्हणायची, आणि गावात ती म्हणच होऊन बसली.

खरं-खोटं देव जाणे. पण कौसाबाईचा नवरा नवल एकदा नंदुरबारच्या बाजारात चार लोकांत बढाई मारून बसला, की ती कोपऱ्यातली चिंच आहे ना, ती मी लावली. त्याच पावसाळ्यात चिंचेला कीड लागली, आणि दिवाळीच्या आत नवल पान लागून गेला. साप काय, कोणालाही चावतो. किडीला तर काय कुठलंही झाड चालतं. पण हे त्या बाईला सांगून बघा. तिनं त्या दिवसापासून झाडांच्या बाबतीत ओठ शिवून घेतले. स्वतःच्या हातानं वीस-बावीस झाडं लावली, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "पितांबरभाऊले इचारा."

कारण नवल गेल्यापासून नावं घेणारा शेजारी पितांबरच होता. आणि मन लावून घ्यायचा हो. सदतीस झाडं, एकही चुकायचा नाही. "हाऊ दोधूबाबाना हातना. ही रूपलीमायना हातनी. हाऊ कौसावैनीना हातना." सिंधुबाई होती तोवर तीही मागून घागर घेऊन चालायची. सहा वर्षांमागे तीही तापानं गेली. मूलबाळ नाही. पितांबरला आता ते कुरण, चार बैल, दोन गाई आणि पन्नाशीनंतरचं ते रिकामं घर.

लढाईचं पाचवं वर्ष लागलं होतं. लढाई तिकडे कुठं ब्रह्मदेशात; पण तिचे हात फार लांब. धान्य मिळेना म्हणून हुकूम निघाला, की गावोगावची पडीत जमीन ज्वारी-बाजरीखाली आणा. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालायला लागल्या, तेव्हा लाकूडही हवं. या गावाच्या वाट्याला तीन एकर पडीत दाखवायची आली. आणि गावात पडीत म्हणावी अशी होती काय? एक पितांबरचं कुरण, सरकारी जागेवरचं. नाहीतर कौसाबाईचं ते झाडांचं, तेही सरकारी जागेवरचंच. त्याच्या कागदात अट होती की लागवड पाहिजे. लागवड असली तर जागा तिची. आपोआप उगवलेलं रान असलं, तर जागा सरकारची आणि लाकूडही सरकारचं.

पडीत ठरवायला तालुक्याचा साहेब यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी छगन तलाठी पितांबरच्या ओट्यावर येऊन बसला. धुळ्याकडचा माणूस, या गावात त्याला दीड वर्ष झालेलं. पान जमवता जमवता म्हणाला, "पाटील, उद्या साहेब तुम्हाला विचारणार. बाई काही बोलत नाही, म्हणते शेजाऱ्याला विचारा. तुम्ही लागवड म्हणालात तर लागवड. मग तीन एकर कुठून भरायचे, ते तुम्हाला मी सांगायला नको."

एवढंच बोलला. वाईट बोलला नाही, धमकीही दिली नाही. पान खाल्लं आणि गेला. आणि पितांबरनं त्या रात्री किती कुशी बदलल्या ते त्यालाच ठाऊक. कुरण गेलं तर चार बैलांना चारा कुठून आणायचा? बैल नाहीत तर वावर काय दातांनी नांगरायचं? हे सगळं खरं होतं. खोटं कारण काढून पाप करणारा माणूस विरळा. बहुतेकांना चांगली खरी कारणंच मिळतात.

माघ संपत आला होता. साहेब घोड्यावरून आला, टोपीवाला, तरुण. दमलेला होता, सकाळपासून तिसरं गाव. कौसाबाईनं त्याला मोठ्या आंब्याखाली खाट टाकून दिली, ताक दिलं. आंबे मोहोरले होते, सगळीकडे मधमाश्यांचा गुंजारव चाललेला. पितांबर येताना बांधाला लागून असलेल्या त्या लहान आंब्यापाशी क्षणभर थांबला. आठ-नऊ वर्षांचं झाड, आणि यंदा पहिल्यांदाच मोहोर धरलेला. कौसाबाई हसून म्हणाली, "दखं का भाऊ? यानं नाव अखाजीले सांगसू मी." पितांबरनं मान हलवली. त्याचं चित्त झाडाकडे नव्हतंच.

साहेबानं कागद उघडला. "बाई, ही झाडं कोणी लावली?"

कौसाबाईनं पदर सारखा केला आणि पितांबरकडे बोट केलं. "यासले इचारा."

"जागा तुमची आणि विचारू त्यांना?" साहेब वैतागला. पण माणूस वाईट नव्हता. आजूबाजूला बघत होता, त्याला काहीतरी जाणवत होतं. "हे बघा, तुम्ही 'मी लावली, माझ्या सासऱ्यानं लावली' एवढं म्हणा. मी तसं लिहितो आणि जातो. म्हणा."

"मन्हा तोंडे नही, साहेब. शेजारी सांगी."

ती अगदी निर्धास्त होती. तिला वाटलं, यात काय एवढं? सोळा वर्षं ज्यानं सांगितलं तो आज सांगेल. उलट पितांबरभाऊ किती झोकात सांगेल ते ऐकायला ती जरा पुढं सरकली.

साहेब पितांबरकडे वळला. "बोला पाटील."

पितांबरनं छगन तलाठ्याकडे बघितलं नाही. कौसाबाईकडेही नाही. पायातल्या वहाणांकडे बघत म्हणाला, "रान शे, साहेब. आपोआप उगेल शे."

कौसाबाई हसली. खरंच हसली हो! तिला वाटलं, थट्टा करतोय मेला. "भाऊ, नीट सांगा ना, साहेबले उशीर व्हई ऱ्हायना."

कोणी हसलं नाही. तेव्हा तिचं हसू हळूहळू जागच्या जागी मावळलं. ती एकदा पितांबरकडे, एकदा साहेबाकडे बघायला लागली.

"बाई, शेवटचं विचारतो," साहेब म्हणाला. "कोणी लावली?"

तिनं तोंड उघडलं. हात त्या मोठ्या आंब्याच्या खोडावर होता. सगळी झाडं मोहोरानं लगडलेली, एक शब्द, आणि सगळी वाळली तर? नवल बाजारातून हसत आला होता, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं असणार. आणि तिकडे शहाद्याला लेक पोटुशी होती. बोलणारा वाळतो, नाहीतर बोलणाऱ्याचं माणूस वाळतं. तुम्ही-आम्ही म्हणू, काय हा अडाणीपणा. म्हणा बापडे. तिनं तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

साहेबानं लिहिलं. टाक कागदावर करकरला.

फाल्गुनात नंदुरबारहून वाहिद आला. कोळशाच्या भट्ट्या लावणारा जुना कारागीर, बरोबर आठ कुऱ्हाडवाले. त्याचं काम लाकूड बघणं, आणि त्यात तो कोणाला ऐकायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं कुंपणाच्या बोरी आणि शेवगे तोडले, आत एक फेरी मारली, आणि पाणी मागायच्या निमित्तानं सरळ पितांबरच्या ओट्यावर आला. लोटा रिकामा केला, मिशा पुसल्या.

"पाटील, ये जंगल है, ऐसा किसने बोला?"

"सरकारनी."

"सरकार तो लिखती है. बोलता कोई और है." वाहिदनं लोटा खाली ठेवला. "तीस साल हो गये लकडी काटते. जंगल में आम के नीचे हल्दी किधर रहती? हर झाड को आळा बना है. ये किसी का हाथ है, भाई. मेरे को पाप नको." मग आवाज उतरवून म्हणाला, "कल दुपेर तक मैं बडे झाडां को हाथ नै लगाता. नंदुरबार जाके बोल दो, गलती हुई. साहेब अभी वहींच है."

आता याहून जास्त देवानं काय करावं माणसासाठी? कोळशाच्या माणसाच्या तोंडून बोलायचं आणखी कसं?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पितांबर पागोटं बांधून निघाला. निघाला खरा. रनाळ्याच्या पुढं, रस्त्यालगत बाभळीखाली जरा टेकला. साहेबाला काय सांगायचं ते मनात जुळवू लागला. 'मी खोटं बोललो' म्हणायचं, तेही छगन तलाठ्यासमोर. मग साहेब म्हणणार, ठीक आहे, कुरण आणा. चार बैल. त्यातला पांढरा सिंधुबाईनं वासराचा वाढवलेला, स्वतःच्या हातानं कोंडा चारून. त्याला कसायाच्या दावणीला द्यायचा? असं म्हणत म्हणत ऊन चढलं. एक बैलगाडी नंदुरबारकडे गेली, गाडीवाल्यानं विचारलंही, "येस का पाटील?" पितांबर म्हणाला, "नही, मी आठेच बठस." दुपार कलली तेव्हा तो उठला आणि घराकडे वळला. अर्ध्या वाटेत त्याला कुऱ्हाडींचा आवाज ऐकू आला. वाहिद शब्दाचा पक्का होता, दुपारपर्यंत थांबला होता.

बावीस दिवस चाललं. मोह पडला तेव्हा गावातल्या घरांची भांडी वाजली. आंब्यांना वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. फांद्यांबरोबर त्यांचा नुसता सडा पडला. कुऱ्हाडवाल्यांनी मीठ लावून खाल्ल्या, गाई-गुरांनी खाल्ल्या, उरलेल्या कुजल्या. कौसाबाईनं त्यातली एकही तोंडात घातली नाही. अखाजीआधी, पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खायचा नसतो, आणि असल्या वेळीही ती बाई रीत सोडायला तयार नाही! तिनं फक्त एक केलं. झाड पडलं की त्याच्या खालची हळद आणि सुरण उकरून काढायची, कारण उन्हात ती तशीही मरणार होती. कंद टोपलीत भरून गावात घरोघर देऊन यायची. पितांबरच्या दारातही टोपली आली. नेहमीच येत होती. त्यानं ती आत नेली नाही आणि परतही केली नाही. ओट्यावरच सुरणाला कोंब फुटले.

मग भट्ट्या धुमसल्या. पंधरा दिवस गावात धूर, कपड्यांना धूर, भाकरीला धुराचा वास. वाहिद कोळसा भरून गेला. जाताना पितांबरला रामराम केला नाही. मागं उरली खोडं, आणि खोडांपुढं सरळ नाल्यापर्यंत दिसणारी उघडी जमीन. इतकी लहान जागा होती ती! झाडं होती तोवर कोणाला तिचं टोक दिसलं नव्हतं.

छगन तलाठ्यानं हुकूम आणला. मृगाच्या आत नांगरट झाली पाहिजे. बाईकडे बैल नाहीत. तेव्हा लगतच्या पाटलाचे बैल लागतील. लगतचा पाटील कोण, ते सांगायला नको.

अखाजी आली. गावात लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, गाणी चाललेली. पितांबर दार लोटून आत बसला होता. यंदा कोण कशाला बोलावील? सकाळी कडी वाजली. दारात कौसाबाई. कमरेवर नवी घागर, घागरीवर खरबूज आणि सांजोरी. आंब्याची जागा रिकामी.

"चला भाऊ. नावं लेवाले."

पितांबरला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "वैनी, कसानी नावं? झाडं कोठे शेत?"

"खोडं शेत ना."

ती पुढं चालू लागली. तो गेला. न जाण्याची ताकद त्याच्यात नव्हती. रस्त्यात लोक झोक्यांवरून बघत होते, एकानंही हाक मारली नाही.

पहिलं खोड मोहाचं. कौसाबाई घागर घेऊन उभी राहिली, वाट बघत. पितांबर वाकला, खोडावर हात ठेवला. "हाऊ..." त्यानं दुसरा हातही खोडावर टेकला. "हाऊ रूपलीमायना हातना."

तिनं घागरीतून ओंजळभर पाणी खोडावर सोडलं आणि पुढच्याशी जाऊन उभी राहिली.

चिंच. नवलना हातनी. जांभूळ. दोधूबाबाना हातनं. कौसावैनीना हातना. कौसावैनीना हातना. पितांबर चुकला नाही. सोळा वर्षांची सवय. दर वर्षी तो वर बघत, शेंड्याकडे मान करून नावं घ्यायचा, यंदा प्रत्येक नावाला गुडघे मोडून खाली वाकावं लागत होतं. चीक हाताला चिकटत होता. दहाव्या खोडापाशी त्याला रडू फुटलं. कौसाबाई थांबली नाही, समजूत घातली नाही, रागही केला नाही. पाणी सोडलं आणि पुढं गेली. त्याला रडत रडत मागून जावं लागलं. चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस.

मग ती बांधाशी गेली. तिथं त्या लहान आंब्याचं खोड होतं, मांडीएवढं. पितांबरनं त्यावर हात ठेवला. हे नाव त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यात काय सांगायचं? "हाऊ कौसावैनीना हातना."

"नही," कौसाबाई म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"हाऊ सिंधूना हातना."

पितांबरचा हात खोडावर होता तिथंच राहिला.

"जी साल ती गयी, त्याना दोन सालआगोदर," कौसाबाई सांगत होती, शांतपणे, रीत म्हणूनच सांगावं तसं. "आखाडमा उनी. पदरमा कोय व्हती. म्हने, मन्हा धनीले आंबानी भलती गोडी, बांधले लागीसन लावस, म्हंजे फांदी तिकडे जाई. आन् म्हने, त्यासले सांगजो नका. पहिलं फळ धरं की तुम्ही सांगा, मी नसनू तरी."

दूर गावात झोक्यावरच्या पोरी हसत होत्या.

"वैनी," पितांबरचा आवाज ओळखू येईना. "माघमा सांगी देतीस तं..."

"फळ धराना आगोदर सांगतस का, भाऊ?" ती म्हणाली. "तुमले माहीत शे." उरलेलं सगळं पाणी तिनं त्या खोडावर ओतलं. "शेजारनी बोलानं ऱ्हास. मी बोलनू." रिकामी घागर कमरेवर घेऊन ती निघून गेली, आणि पुढच्या आठवड्यात लेकीकडे शहाद्याला. पुन्हा आली नाही.

वैशाख सरता सरता छगन तलाठी नांगरट बघायला आला. सगळी खोडं मुळासकट उपटून बांधावर रचलेली, तीन एकर उकललेली जमीन. फक्त बांधाशी एक खोड तसंच होतं, मांडीएवढं, भोवती नांगर वळसा घालून गेलेला. खोडाच्या बगलेतून चार तांबूस पानं फुटली होती. त्याच्या बुडाशी पितांबर बसलेला, बैल सोडून.

"पाटील, हे एक का ठेवलं?"

पितांबर उभा राहिला. यावेळी त्यानं वहाणांकडे बघितलं नाही. "हाई मन्ही बायकोनी लावेल शे."

बोलला बाबा एकदाचा. स्पष्ट, मोठ्यानं, गाव ऐकेल असं बोलला.

छगन तलाठ्यानं बगलेतला कागद काढला, उलगडला, त्यावर बोट फिरवत वाचलं. वाईट माणूस नव्हता. त्यालाही जरा अवघडल्यासारखं झालं. "काय करू पाटील? इथं रान लिहिलंय. लागवड काही नाही. खाली 'लगतच्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून' असंही आहे." त्यानं कागद घडी करून ठेवला. "उपटून टाका. परवा साहेब येणार आहे."

 पितांबरनं खोडाला साखळी गुंडाळली आणि बैल जुंपले. पुढच्या जोडीत सिंधुबाईनं वाढवलेला तो पांढरा होता. चांगल्या गवतावर पोसलेले बैल, दुसऱ्याच हिसक्याला मूळ वर आलं.